हेडलाईटला भोक पाडण्याआधी

जुन्या गाडीच्या हेडलाईटला आतून घाम फुटतो आणि धुळीचा थर बसतो. त्यावरचा एक उपाय सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. थोडक्यात तो असा: दिव्याच्या तळाशी ड्रिलने बारीक भोक पाडा, आत व्हिनेगर आणि तांदूळ टाकून हलवा, कापडाने आतला रिफ्लेक्टर (प्रकाश पुढे फेकणारा चकचकीत भाग) लख्ख पुसा, मग सगळी छिद्रं सिलिकॉनने बुजवा, पुन्हा वाफ धरणार नाही.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण मूळ गैरसमज तिथेच आहे. हेडलाईट हा हवाबंद डबा नसतो. (काच, रिफ्लेक्टर आणि फिलॅमेंट एकाच तुकड्यात असलेले जुने सील्ड बीम दिवे हा अपवाद. त्यांत पाणी गेलं की दिवाच बदलायचा.) हॅलोजन बल्बची बरीचशी वीज उष्णतेतच जाते. आतली हवा तापून फुगते आणि मागच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या छोट्या नळीतून, बाहेर पडते. दिवा विझला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. समोरची काच आधी गार होते, म्हणून बाष्प तिथेच धरतं. ब्रीदर बुजवलात तर फुगलेली हवा सांध्यांवर जोर देते आणि आत गेलेला ओलावा आतच कोंडतो. त्यात व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन वापरलंत, तर ते वाळताना सुटणारी आम्लाची वाफ रिफ्लेक्टरलाच बाधू शकते.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर पातळ धुकं येऊन दिवे लावल्यावर जात असेल, तर काहीही करू नका. हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवला असेल, तर समोरची काच कमी तापते आणि धुकं जास्त वेळ रेंगाळतं. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल, तर मात्र कुठेतरी गळती आहे.

आता भोक. साचलेलं पाणी त्यातून निघेल, हे खरंच. पण ब्रीदरची नळी वाकडी, तोंड खाली केलेली असते. तिथे फोम किंवा पडदा असतो. तुमचं भोक सरळ. चाकाने उडवलेला चिखल आणि धूळ त्यातून आत शिरणार, शिवाय ड्रिलचा प्लास्टिकचा भुगा आत पडणार तो वेगळाच. त्यापेक्षा मागची रबरी टोपी फाटलीय का, बल्ब नीट बसलाय का, काच आणि बॉडीच्या सांध्यातला डिंक सुटलाय का, ते बघा.

तांदळाबद्दल काय बोलायचं! दाणे कोपऱ्यात अडकतात आणि ओल लागली की चिकटतात.

सगळ्यात महागात पडणारा सल्ला रिफ्लेक्टर पुसण्याचा. ती चकाकी म्हणजे निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, वर पारदर्शक लेप. लेपाला चरा गेला की व्हिनेगरचं आम्ल थेट ॲल्युमिनियमला लागतं. मी स्वतः एकदा मऊ कापड घेऊन हा उद्योग केला होता. धूळ गेली, पण चमकही गेली, आणि त्या बाजूचा झोत कायमचा मंदावला.

मग धुवायचं कसं? साधा हॅलोजन दिवा असेल तर तो गाडीतून काढा, बल्ब बाहेर घ्या. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाकून ते आत खळखळवा, ओता, पुन्हा करा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असावं. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून पांढरे डाग पाडतात. मग तोंड खाली करून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. आत प्रोजेक्टर (झोत पाडणारं भिंग), मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स असेल तर पाणी अजिबात नको. काचेवरच्या हट्टी डागांसाठी मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक आत सोडून बाहेरून दुसऱ्या चुंबकाने फिरवतात. हे चालतं, पण फक्त काचेवर. पेट्रोल, थिनर, अमोनियाचे क्लीनर टाळा. समोरची ‘काच’ बहुधा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, तिला त्यांनी बारीक तडे जातात. बल्ब परत बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका.

आणि दिवा पिवळट दिसतो म्हणून हे सगळं चाललं असेल, तर तो पिवळेपणा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला असतो. ओलं बोट काचेवरून फिरवा. तेवढी जागा क्षणभर स्वच्छ दिसली, तर आत हात घालायची गरजच नाही.