बल्ब न दिसणारा दिवा

माझी बहीण कोपनहेगनला असते. डिसेंबरात तिच्याकडे गेले होते. तिथे त्या दिवसांत दुपारी साडेतीन-पावणेचारलाच दिवेलागण, म्हणजे जागेपणीचा निम्मा वेळ घरातल्या दिव्यांखालीच जातो. तिच्या जेवणाच्या टेबलावर एक दिवा टांगलाय, इतका खाली की उभं राहिलं की हनुवटीशी येतो. पहिल्याच रात्री लक्षात आलं, ताट लख्ख दिसतंय, समोरच्यांचे चेहरे छान दिसताहेत, पण बल्ब कुठंच दिसत नाही. खुर्चीतून वाकून पाहिलं, शेवटी फरशीवर बसून वर पाहिलं. नाहीच! नुसत्या एकावर एक शेड, आणि आतून लाल-निळ्या रंगाची झाक.

तो होता पीएच ५. डॅनिश वास्तुकार पाउल हेनिंगसनने १९५८ साली केलेला. डेन्मार्कमध्ये हेनिंगसनला सगळे नुसतं 'पीएच' म्हणतात. तेव्हापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचतेय.

त्याचा जन्म १८९४ चा. लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलं, आणि मग घरोघरी वीज आली. उघडा बल्ब डोळ्यांत घुसायला लागला. त्याने वीज नाकारली नाही, जुन्या दिव्याचे गोडवे गात बसला नाही. १९२० च्या दशकात त्याने तीन शेडची रचना बसवली. शेडचा बाक एका गणिती सर्पिलावरून घेतलेला, त्यामुळे बल्बचा उजेड शेडवर सगळीकडे सारख्याच कोनात पडतो आणि एकसारखा पसरतो. डोळा दिपत नाही, उजेडही वाया जात नाही.

पीएच ५ च्या मागची गोष्ट मला फार आवडते. बल्ब बनवणारे सतत आकार बदलत होते आणि त्याचं सगळं मोजमाप कोलमडत होतं. तेव्हा त्याने असा दिवा केला की आत कुठलाही बल्ब लावा, डोळ्यांना त्रास होणार नाही. वरची शेड ५० सेंटिमीटरची, नावातला ५ तिथून आला. आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड सगळ्यात चांगला दिसतो, लाल आणि निळा कमी. म्हणून हे दोन रंग आतून लावून त्याने तेवढी भर घातली. एवढा विचार, आणि तोही जेवणाच्या टेबलासाठी!

महायुद्धात डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना ब्लॅकआउट होता. १९४१ मध्ये त्याने कोपनहेगनच्या टिव्होली या करमणुकीच्या बागेसाठी असे दिवे केले की वरून, विमानातून, उजेड दिसू नये. त्यामुळे बाग मध्यरात्रीपर्यंत उघडी राहू शकली. अंधाराच्या सक्तीतही लोकांना संध्याकाळी फिरता यावं, यासाठी कुणीतरी शेडचे कोन मोजत बसलं होतं, हे वाचून मला भरून आलं. पुढे १९४३ मध्ये त्याला स्वतःलाच होडीतून स्वीडनला पळावं लागलं.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे घर सजवताना लाखोंचं फर्निचर होतं आणि दिव्यांच्या वेळी छतात ओळीने बारा एलईडी ठोकले जातात. झगझगाट म्हणजे उजेड नव्हे! त्या बाराखाली बसून कुणाला निवांत वाटतं? खोलीत नीट उजेड करायला पैसे नाही, संस्कृती लागते, अशा अर्थाचं हेनिंगसन म्हणायचा. त्याला साध्या घरांतला उजेड सुधारायचा होता, आणि आज त्याचेच दिवे साध्या घराला परवडत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्याची युक्ती वापरायला तो दिवा विकत घ्यावा लागत नाही.

परत आल्यावर मी बाजारातली एक साधी खोल शेड आणली आणि वायरमनला बोलावलं. "ताई, एवढा खाली? डोक्याला लागेल," तो दोनदा म्हणाला. टेबलापासून ६० सेंटिमीटर, मी टेप धरूनच उभी होते. छतातल्या बारांपैकी नऊ बंद केले. बाबा हल्ली पेपर घेऊन खिडकीत जात नाहीत, जेवणं झाली की तिथंच टेबलापाशी वाचत बसतात.