मुलुंड ते दादर, स्लो

परवा विक्रोळीला चढलेल्या एका बाईंनी मला अगदी चांगल्या मनाने सांगितलं, "अहो, मोबाईल द्या ना तिच्या हातात. बसेल गप्प." तेव्हा मी नुसती हसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

माझी लेक पावणेतीन वर्षांची आहे. दर शनिवारी दुपारी आम्ही दोघी दादरला माझ्या आईकडे जातो. लेडीज डबा, स्लो गाडी. फास्ट समोर उभी असली तरी मी सोडते, कारण स्लोला मधे नऊ स्टेशनं लागतात आणि प्रत्येक स्टेशनावर डब्यात कुणीतरी नवीन येतं. नाहूर येईपर्यंत हिची टकळी सुरू झालेली असते. "गाडी का थांबली? दमली?" "ती मावशी झोपली. तिला उतरायचं नाहीये?" अनाउन्समेंट तर तोंडपाठ. 'पुढील स्टेशन' झालं की 'अगला स्टेशन', त्याच सुरात. आमच्या घरात हिंदी कुणी बोलत नाही, हे सगळं तिने गाडीत उचललंय. एकदा जेवताना माझ्यासमोर तोंड उघडून म्हणाली, "पुढील घास, वरणभात. अगला घास, वरणभात."

मागच्या महिन्यात तिने समोरच्या आजींना मोठ्याने विचारलं, "तुझे दात कुठे गेले?" मला कुठे तोंड लपवू असं झालं. आजी म्हणाल्या, "आले, राहिले, गेले. तुझे आले का सगळे? दाखव बघू." हिने आ केला. आजींनी चष्मा पुसला, वाकून मोजायला लागल्या, आणि आजूबाजूच्या दोघीतिघीही मोजायला लागल्या. घाटकोपर गेलं, विद्याविहार गेलं. "अठरा," आजींनी जाहीर केलं. "मागच्या दोन दाढा यायच्यात अजून." घरी गेल्यावर तिने हे प्रत्येकाला सांगितलं.

मोबाईल मी देऊन पाहिलाय, खोटं कशाला बोलू. ती गप्प बसली. मुलुंड ते दादर एकदाही मान वर केली नाही, आणि उतरताना हातातून काढून घेतला तर प्लॅटफॉर्मभर रडली. त्या दिवशी गाडीतलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. पण मला तासांपेक्षा जास्त काळजी त्या आजींची वाटते. मोबाईल असता तर त्या आजी हिला भेटल्याच नसत्या.

डबा सगळ्यांचा आहे, हेही मला मान्य आहे. रात्रपाळी करून निघालेली एखादी खिडकीला डोकं टेकून झोपलेली असते, तिच्या कानाशी किलबिल नको. अशा वेळी मी लेकीला सांगते, "हळू बोल, मावशी दमलीय." मग ती कुजबुजते. तिची कुजबुजही चार सीटपर्यंत जाते, पण प्रयत्न मनापासून असतो. आणि सकाळी साडेआठच्या गर्दीत मी तिला नेतच नाही. तिथे मोठ्यांना श्वास घ्यायची मारामार, तिचं काय होणार?

पण दुपारच्या मोकळ्या डब्यात लहान मूल बोलतंय म्हणून त्याला गप्प करायची इतकी घाई आपल्याला का असते? कंटाळा आलाच तर एका प्रश्नाला उत्तर द्या. पुढचे चार प्रश्न ती स्वतःच सोडवत बसते.

परवाच, मोबाईल द्या म्हणणाऱ्या त्या बाई उतरल्यावर, कुर्ल्याला एक काकू मेथीची जुडी घेऊन चढल्या आणि मांडीवर पिशवी पसरून निवडायला बसल्या. "काय करते?" आलंच. काकूंनी एक काडी तिच्या हातात दिली. "पानं इकडे, काड्या तिकडे." माटुंग्यापर्यंत आवाज नाही, नुसती खुडाखुडी. दादरला उतरताना तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. आईच्या घरी पोचल्यावर उघडली, आत चुरगळलेली पाचसहा पानं.

"आज्जी, भाजी."

आईने ती धुतली आणि आमटीत टाकली.