किराण्याच्या यादीत कुणाचं वय दिसतं?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात किराणा दुकान चालवणाऱ्याला एक गोष्ट डॉक्टरच्या आधी कळते. कुठल्या घरात कुणासाठी पैसे सुटतात, ती. यादी हातात आली की घर समोर उभं राहतं. बाळासाठी डब्यातलं पीठ आणि बिस्किटं. शाळकरी पोरासाठी 'उंची वाढवणारी' चॉकलेटी पावडर. बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, खोबरं, हळीव. आजोबांसाठी शुगर फ्री बिस्किटं. संपली यादी! पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीसाठी किंवा पन्नाशीच्या आईसाठी म्हणून वेगळं काही लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.

माझं मत कुणाला टोचलं तर टोचू दे. आपल्याकडे ताट वाढलं जातं ते मानानं. कुणाच्या शरीराला आज काय लागतं, हे कुणी विचारत नाही. कर्त्या पुरुषाला पहिलं आणि भरपूर, मुलग्याला आग्रह, पोरीला 'तुझं तू घे', आणि बाईला पातेल्यात उरेल ते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली भारतीयांच्या गरजांचे आकडे सुधारून दिले. त्यात मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि १६ ते १८ वयाच्या मुलीला ३२. म्हणजे बापापेक्षा लेकीला दीडपटीहून जास्त. अंग वाढत असतं आणि पाळीतून दर महिन्याला रक्त जात असतं, मग लागणारच की! आणि नेमक्या याच वयात तिचं खाणं सगळ्यात बिघडतं. जांबोटी, नंदगडकडच्या पोरी सकाळची बस पकडून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, येतात. निघताना चहा-खारी, दुपारी स्टँडजवळ काहीतरी तळलेलं, आणि थेट रात्रीचं जेवण. कर्नाटकात दहावीपर्यंत शाळेत दुपारचं जेवण मिळतं, अंडं मिळतं. पीयूसीला गेली की तेही बंद. गरज चढत असताना ताट आखडतं, हा कुठला हिशोब? एक आक्का परवा सांगत होत्या, "पोरगी डायट करायलीया अण्णा, भाकरीला हातच लावत नाही." मी विचारलं, चहा किती वेळा पिते? त्या हसल्या नुसत्या.

चहाचं मुद्दाम विचारलं. जेवणाला लागून चहा घेतला की डाळी-भाज्यांतलं लोह अंगाला नीट लागत नाही. उलट लिंबू पिळलं तर जास्त लागतं. आपला भाग उसाचा, म्हणून रक्त कमी म्हटलं की जो तो 'गूळ-शेंगदाणे खा' सांगतो. शेंगदाणे खाच, त्यात प्रथिनं चांगली आहेत. पण चमचाभर गुळातून येणारं लोह अगदी थोडं. त्यापेक्षा हुलगे, मटकी, हळीव, माठाची भाजी बरी, आणि खात असाल तर कलेजी. हुलग्याचं माडगं आपल्या आज्ज्या उगीच करत नव्हत्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती मळमळतं म्हणून पोरी दप्तरात टाकतात. जेवून झाल्यावर घ्या, चहा मात्र तासाभरानं.

बाळाबद्दल थोडक्यात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत मध चाटवू नका, घुटीतूनही नाही. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत वरचं अन्न लागतंच, आणि वरणाचं वरचं पाणी म्हणजे अन्न नव्हे. मऊ खिचडी घोटून तूप घाला. चमचा तिरका केला तर ओघळणार नाही इतकी दाट ठेवा.

बाळंतिणीचं मला जरा जास्त बोलायचंय. सव्वा महिना तिचे लाड होतात. लाडू, शेपू, शेक-शेगडी, सगळं. पाणी मात्र मोजून देतात, ते का हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. दूध पाजणाऱ्या बाईला तहान लागणारच. पुढं सव्वा महिना सरला की ती चुलीपाशी, काही घरांत थेट शेतात, आणि लाडवांचा डबा रिकामा. पण दूध चालूच असतं. पहिले सहा महिने तिला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, त्यानंतरही ५२०. गरोदरपणात हा वाढावा ३५० चा असतो. म्हणजे पोट दिसत असताना जितकं लागतं त्याहून जास्त पोट उतरल्यावर लागतं, आणि आपण नेमकं उलटं करतो. कर्नाटक सरकारची मातृपूर्णा योजना २०१७ पासून आहे. अंगणवाडीत शिजवलेलं जेवण, दूध, अंडं. चांगली आहे. पण कणकुंबीकडच्या पावसात ओली बाळंतीण बाळाला घेऊन रोज दुपारी अंगणवाडीपर्यंत कशी जाणार, हे योजना आखणाऱ्यानं तिकडं एक पावसाळा राहून बघावं.

मग येते पन्नाशी. पाळी थांबली की लोहाची गरज उतरते, पण हाडं झपाट्यानं झिजू लागतात, म्हणून कॅल्शियमची रोजची गरज १००० वरून १२०० मिलिग्रॅमवर जाते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. ती आपल्याच डोंगरात पिकते. तरी घरात लेकी-सुनांना नाचणी म्हणजे गरिबाचं खाणं वाटतं, आणि त्याच नाचणीची बिस्किटं घ्यायला येतात. पाकीट उलटं करून वाचा हो, बऱ्याच पाकिटांत पहिलं नाव मैद्याचं असतं.

आणि म्हातारी माणसं. "आज्जीला काय लागतंय आता? मऊ भात आणि ताक." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. उतारवयात कॅलरी कमी लागतात हे खरं. प्रथिनं कमी लागत नाहीत. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या आजोबांना रोज ५० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास येतात, आता मऊ भात-ताकात किती येतील बघा. प्रथिनं कमी पडली की मांड्यांचं मांस जातं, मग तोल जातो, आणि न्हाणीघरात पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं. दात नसले तर दाट वरण, दही, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट द्या.

शुगरवाल्यांचं एक खूळ आहे. भात बंद केला म्हणून तीन-तीन भाकऱ्या. जोंधळ्यातही पिष्टच असतं, त्यानंही शुगर वाढते. आणि वय झालं की पोटातलं आम्ल कमी होतं, बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखीच कमी. शाकाहारी घरांत तर मुळातच कमी. हातापायाला मुंग्या, विसराळूपणा, हे सगळं आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा बी-१२ पण बघायचं का, एवढं डॉक्टरांना विचारा.

आता कुणीतरी म्हणेलच, अण्णा, मग तुमच्या दुकानात ती चॉकलेटी पावडर कशाला? ठेवतो. मी नाही ठेवली तर पलीकडचा विकेल, आणि तिच्यात मार्जिनही बरं सुटतं. पण पोरीसाठी काय घेऊ म्हणून विचारलंत, तर आधी हुलग्याच्या पोत्याकडे बोट दाखवीन.