भुतं कसली शोधताय तिथे?

अमावास्या जवळ आली की आमच्या ठाण्यातल्या ग्रुपवर सुरू होतंच! मनोरुग्णालयाच्या भिंतीपाशी मध्यरात्री काय दिसलं याचे व्हिडिओ, मागे भेसूर संगीत, टॉर्च मारत किंचाळणारी पोरं. अरे, १९०१ साली सुरू झालेलं ते रुग्णालय आजही चालू आहे. आत माणसं उपचार घेतायत, नर्स रात्रपाळी करतायत. रुग्णाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत द्यायचा नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. वाचतो कोण!

त्यात आता परदेशी व्हिडिओंची भर. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अथेन्सचं मनोरुग्णालय १९९३ मध्ये बंद झालं. तिथल्या दफनभूमीत कितीतरी थडग्यांवर नाव नाही, नुसता आकडा. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयाच्या दफनभूमीत तर गवत कापायला अडचण नको म्हणून आकडे कोरलेले लोखंडी खुंटसुद्धा उपटून टाकले. कोण कुठे पुरलंय, कळायला मार्ग नाही. आणि हे सगळं बघून आमची मंडळी विचारतात काय, तर "तिथे आत्मे फिरतात का रे?"

आयुष्यभर आत राहिलेल्या माणसाचं मेल्यावर नावही उरू नये, याची भीती नाही वाटत? मला त्याचीच वाटते. आपल्याकडेही बरे झालेले कितीतरी जण घरून न्यायला कुणी येत नाही म्हणून आतच राहतात. त्यांच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही.

पुढचा व्हिडिओ आला की ग्रुपवरच विचारणार आहे: भेटीच्या वेळेत, दिवसाढवळ्या, कुणाला भेटायला कधी गेलात का?