सोमवारपासून नक्की

व्यायामाची प्रेरणा टिकवायची असेल तर पहिलं पथ्य एकच: व्यायाम करायचा नाही. हसू नका. मी गेली अकरा वर्षं प्रेरित आहे. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी खरोखर सुरुवात केली, ते बहुतेक तिसऱ्या आठवड्यात गळाले. माझी प्रेरणा अजून कोरी करकरीत आहे, कारण ती वापरलेलीच नाही.

तर, आधी मुहूर्त बघा. या बाबतीत मराठी माणसाइतकं भाग्यवान कुणी नाही. १ जानेवारी हुकली तर गुढीपाडवा आहे. तो हुकला (श्रीखंड असतं, हुकणारच) तर १ एप्रिलला आर्थिक वर्ष लागतं. मग २१ जूनचा योग दिन, मग दसरा, मग दिवाळीचा पाडवा. शिवाय वर्षाला बावन्न सोमवार आहेतच. मंगळवारच्या भानगडीत मात्र पडू नका. मंगळवारी व्यायाम सुरू केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता आकड्यांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. म्हणजे दिवसाला साडेएकवीस मिनिटं. गजर बंद करून ‘उठावं का?’ या विचारात पहाटे तेवढी जातातच. मनाची ओढाताण हीसुद्धा ओढाताणच की.

दहा हजार पावलांचं तर फारच सोपं आहे. हा आकडा कुठल्या वैद्यराजाने नाडी बघून काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा विक्रीसाठीच जन्माला आला, तेव्हा आपणही त्याच भावनेने तो गाठावा. मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवर पावलं मोजतं. गणपतीत ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत दणकून टाळ्या वाजवा आणि मग घड्याळ बघा. जागच्या जागी देवही पावतो, पावलंही पडतात.

रविवारी सिंहगड करावा. आतकरवाडीतून घाम गाळत चढणारे लोक असतात, त्यांचं कौतुक करावं आणि आपण गाडीने घाटरस्त्याने वर जावं. वर मडक्यातलं दही, कांदाभजी, पिठलं-भाकरी. भज्यांची दुसरी प्लेट सांगताना ‘एवढं चढून आलोय’ असं मोठ्याने म्हणायचं. गाडी चढलीच आहे, खोटं काय त्यात? पुणे दरवाजात फोटो काढण्याआधी कपाळावर बाटलीतलं पाणी शिंपडा. फोटोत हुबेहूब घाम दिसतो.

तरीही कुणी पाठीस लागलंच तर गुडघा आहे. फक्त कोणता, ते एकदाच ठरवा. मी जिन्यात डावा धरायचो आणि एका लग्नात चुकून उजवा धरला. मेव्हण्याने भर पंगतीत पकडलं.

आणि ट्रेडमिल घ्याच. पुस्तकी मंडळी सांगतील की, १८१८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने कैद्यांना राबवायला पायचक्की काढली, तिचंच हे नातवंड. तेव्हा शिक्षा होती आणि फुकट होती. आता आपण हप्त्याने घेतो. पण वस्तू बहुगुणी आहे. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर चार बनियन आणि एक पंचा ऐसपैस वाळतो. पुढच्या पडद्याच्या कडेला छत्री अडकवता येते.

आमच्याकडे तर गेल्या वैशाखात ही ट्रेडमिलच्या पट्ट्यावर स्वच्छ धोतर अंथरून कुरडया घालायची. गच्चीवर माकडं येतात, गॅलरीत ऊन चांगलं लागतं, आणि पट्टा काळा असल्यामुळे खालून तापतो. तीस कुरडया मावायच्या. असं सगळं सुखात चाललं असताना सुट्टीला आलेल्या भाच्याने एका दुपारी हिरवं बटण दाबलं.

धोतरासह कुरडया निघाल्या. पहिली ओळ मागे धपकन पडली, दुसरी तिच्यावर, तिसरी जाता जाता गुंडाळली गेली. आतून ही धावत आली आणि मी, खरं सांगायचं तर, खुर्चीतून हाललो नाही. गुडघा. भाच्यानेच शेवटी मशीन थांबवलं. पडद्यावर आकडा उमटला: ०.०२ किलोमीटर.

मी तेवढ्याच पडद्याचा फोटो काढून व्यायामाच्या ग्रुपवर टाकला. चौदा अंगठे आले. मेव्हण्याने विचारलं, “डावा की उजवा?”