धुराविरुद्ध लढणाऱ्यांना आगाऊ सल्ले

मुंबईत, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी, गोवंडीत राहता? रात्री खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून झोपता? आणि आता वस्तीतली चार माणसं जमवून काहीतरी करू म्हणताय? शाब्बास. अनुभवी माणसाचे सल्ले ऐका, फुकट आहेत.

तक्रार तीन प्रतींत द्या. पोच मागू नका, साहेबांचं मन दुखावतं.

दवाखान्याचे कागद जोडू नका. "घरात कोणी बिडी ओढतं का?" एवढंच विचारतात.

झाडं लावा, डंपिंगच्या भिंतीलगत. फोटो मात्र त्याच दिवशी काढून घ्या.

वर्गणी काढून हवा मोजायचं यंत्र घ्या. आमच्या गल्लीने घेतलं, पत्र्याखाली टांगलं. कॉलेजच्या पोरींनी वही घातली: वेळ, आकडा, वास कसला. वासाच्या रकान्यात प्लास्टिक, रबर, औषधं. परवा वही घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "यंत्र प्रमाणित नाही." बरं, तुमचं प्रमाणित पाठवा. आणि पाठवली हो हवा मोजायची गाडी! सकाळी अकराला, अवकाळी सर पडून गेल्यावर, हमरस्त्यावर. गल्लीत ती शिरतच नाही. संध्याकाळी मेसेज आला: हवा समाधानकारक, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. अहो, धूर येतो रात्री दोनला! थंडीत गार हवा जमिनीलगत साचते, धूर वर जात नाही, पत्र्याखालीच बसतो, हे आमच्या वहीवाल्या पोरींना कळतं. पीएम 2.5 ची, म्हणजे फुफ्फुसात शिरणाऱ्या बारीक कणांची, मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, तीही चोवीस तासांच्या सरासरीवर. दोन तासांचा धूर त्या सरासरीत केव्हाच विरतो. पोराचा दमा काय सरासरी बघून उठतो? रात्री या ना एकदा झोपायला!

असो. सल्ले चालू होते.

घाई असेल तर कोर्टात जाऊ नका. रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प इथे 2009 मध्ये आला. रहिवाशांची संस्था हायकोर्टात गेली, तेव्हा कुठे 2023 मध्ये आदेश निघाला: दोन वर्षांत हलवा. माहुलला हलवलेल्या लोकांनी तिथली रिफायनऱ्यांशेजारची घरं नाकारली, विद्याविहारच्या फुटपाथवर बिऱ्हाडं मांडली. 2019 मध्ये कोर्टाने सांगितलं, दुसरीकडे घरं द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडं द्या. म्हणजे लोक चिवट असले तर होतं, पण तोवर फुफ्फुसं टिकवायची तुमची तुम्ही.

आणि टॉवरवाल्यांकडून सहानुभूती घ्या, भरपूर मिळते.

नाही, आता टॉवरवाल्यांशी सरळच बोलतो. देवनारला 1927 पासून कचरा पडतोय तो काय गोवंडीचा आहे? अख्ख्या मुंबईने आणून टाकलाय. जानेवारी 2016 मध्ये डोंगर पेटला, धूर नासाच्या उपग्रहाला दिसला, तुमच्या खिडकीपर्यंत आला, तेव्हा कुठे तुम्हाला देवनार नकाशात सापडलं. ओला कचरा ढिगाखाली कुजतो, त्याचा मिथेन होतो, तो पेटतो. इतकं साधं आहे. तरी तुमच्या सोसायटीत दोन डब्यांवरून भांडणं! सी-लिंक दिसेना म्हणून स्टेटस टाकता, प्युरिफायर मागवता, आणि आंब्याच्या साली डायपरसकट एकाच पिशवीत. लाज वाटू द्या. ओला कचरा वेगळा काढा, आजच. बाईला सांगू नका, स्वतः काढा. ती बाई आमच्याच गल्लीत राहते.