इंदूरची रीत, इंदूरबाहेर

घरच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय पेटलाय: लोकमान्यनगरच्या घरामागची जागा. वीस बाय वीस फूट, एक जांभूळ, एक कढीलिंब आणि कोपऱ्यात खताचा खड्डा. दादाला तिथे पेव्हर ब्लॉक टाकून दोन गाड्या उभ्या करायच्या आहेत. खड्ड्याला वास येतो, झुरळं होतात, शेजारी बोलतात. आणि मग ठेवणीतला मुद्दा: "२०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आहे. सकाळी गाडी येते, ओला-सुका वेगळा नेते, देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा गॅस होतो. आता घरी कचरा सडवत बसायचं म्हणजे पुन्हा मागे जायचं का?" मी चार ओळी लिहिल्या, तर उत्तर आलं, "तू कॅनडात बसून शेणाचं कौतुक करू नकोस."

करणार.

आधी दादाचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, नाहीतर वहिनी म्हणेल की हा ऐकूनच घेत नाही. देवगुराडियाचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा. त्यातून गॅस निघतो, खतही निघतं. हॉटेलांचा, मंडीचा, फ्लॅटमधल्यांचा कचरा तिकडेच जायला हवा. पण ज्याच्या दारात जांभूळ आहे त्यानं झाडलेली पानं पिशवीत भरून गाडीत टाकायची आणि मग नर्सरीतून चाळीस किलोचं खताचं पोतं विकत आणायचं, याला पुढे जाणं म्हणतात हे मला नवीन आहे.

वासाचं म्हणाल तर वास येणारा खड्डा म्हणजे चुकलेला खड्डा. आपला चुकलेलाच होता. पाच फूट खोल, वर्षानुवर्षं त्यात वरण-भात, फोडणीचं तेल, सालं, सगळं वरून टाकलं, झाकलं कधीच नाही. तीन फुटांखाली हवा पोचत नाही. हवा नसली की कुजण्याऐवजी सडतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास वेगळा. तो आला तर नत्र जास्त झालं, म्हणजे ओलं जास्त आणि कोरडं कमी. वजनानं कार्बन तीस भाग आणि नत्र एक भाग, असं प्रमाण जमलं पाहिजे. घरात ते कोण मोजणार? म्हणून बादलीनं मोजायचं: स्वयंपाकघरातल्या ओल्याची एक बादली, सुक्या पानांच्या अडीच-तीन. मुठीत घेऊन दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पानं घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. रोजचं ओलं टाकलं की वर तीन इंच पानं किंवा माती पसरायची. माश्या आणि झुरळं उघड्या अन्नावर येतात, पानांवर येत नाहीत. जांभळाची पानं चिवट असतात, ती तुडवून किंवा चिरून टाकली तर महिनाभर वाचतो.

हे ज्ञान कॅनडाचं नाही. म्हणूनच राग येतो. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर संस्था उभी केली, जिथे आज आपलं कृषी महाविद्यालय आहे, आणि तिथेच ही रीत बसवली. जगभर तिला 'इंदूर पद्धत' म्हणतात. १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्डसोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. ते संस्थेत रसायनाची बाजू पाहत. (आता ग्रुपवर दोन दिवस 'कोणते वाड' हेच चालेल.) १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ही संस्था पाहून गेले. चीनच्या शेतकऱ्यांचाही त्या पद्धतीत वाटा होता, हॉवर्डनं तसं लिहूनही ठेवलंय. ते मात्र मी ग्रुपवर सांगितलं नाही.

पद्धत साधी आहे. खाली काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर दोन इंच शेण, त्यावर गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि मूठ-मूठ राख, मग पाणी. असे थर चढवत पाच फुटांपर्यंत जायचं. पहारीनं उभी भोकं पाडायची, म्हणजे आत हवा खेळते. चार दिवसांत मधोमध हात घालवत नाही, साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं, आणि तणाचं बी त्या उष्णतेत मरतं. पंधरा दिवसांनी पहिली पलटी, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. पलटताना कडेचं आत आणि आतलं कडेला गेलं पाहिजे. नुसतं वरखाली केलं तर कडेचं कच्चंच राहतं. तीन महिन्यांत खत. पावसाळ्यात खड्डा नाही, जमिनीवर ढीग, कारण मालव्याची काळी माती पाणी सोडत नाही, खड्ड्याचं तळं होतं. शेण नसेल तर शेतातली चार घमेली माती आणि जुनं खत विरजणासारखं घालायचं. एवढंच आहे ते. यात मागास काय आहे?

इथे ओंटारिओत, गावाबाहेर तीन-चार एकरांवर राहणाऱ्या घरांना ग्रीन बिन, म्हणजे ओल्या कचऱ्याची गाडी, नाही, आणि डंपला नेलं तर प्रत्येक पिशवीला विकतचा टॅग लागतो. म्हणून खताचा ढीग प्रत्येकाच्या घरामागे असतोच. माल ठेवायच्या लाकडी फळ्या, म्हणजे पॅलेट, चार उभी करून तारेनं बांधली की तीन-साडेतीन फुटांचा चौकोनी कप्पा होतो. त्याहून लहान ढीग तापत नाही, उष्णता बाहेर पळते. पॅलेटवर 'एचटी', म्हणजे नुसती उष्णता दिलेलं, असा शिक्का असेल तरच घ्यायचं. 'एमबी' असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. मेपलची पानं सरळ टाकली तर ओल्या वर्तमानपत्रासारखी एकमेकांना चिकटतात, म्हणून आधी लॉनमोअर फिरवायचा. कोंबड्यांखालचा भुसा हे इथलं शेण.     

चूक कुठे होते तेही सांगतो, नाहीतर म्हणाल इकडचं सगळं सोन्याचं. बाहेरून आणलेल्या गवताच्या पेंढीत कधी कधी तणनाशक राहिलेलं असतं. जनावराच्या पोटातून, शेणातून, खतातूनसुद्धा ते टिकतं. मे महिन्याच्या शेवटी टोमॅटो लावले की पंधरा दिवसांत शेंड्याची पानं नेच्यासारखी गुंडाळतात आणि वर्ष गेलं. म्हणून नवं खत आलं की आधी तीन कुंड्यांत त्यात घेवडा पेरायचा, तीन कुंड्यांत साध्या मातीत, आणि तीन आठवडे बघायचं. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ढीग दगडासारखा गोठलेला. जे इंदूरला तीन महिन्यांत होतं त्याला इथे दहा-बारा लागतात. ऑक्टोबरच्या मध्यावर लसूण दोन इंच खोल लावून वर पाच इंच पेंढा घालायचा आणि जुलैपर्यंत वाट बघायची. तुम्ही मालव्यात लसूण लावता ऑक्टोबरात आणि होळीनंतर काढून मोकळे होता. आणि त्याच मालव्यात गहू निघाला की नरवाईला, म्हणजे शेतात उरलेल्या धसकटांना, काडी लावतात. इथला माणूस पेंढीचे पैसे मोजतो.

भाचा म्हणतो खड्डा नको, जीवामृताचा ड्रम ठेवू. ठेव ना. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती, अठ्ठेचाळीस तास, हे सगळं एकरासाठी. आपल्या चारशे चौरस फुटांना दोन लिटरसुद्धा लागत नाही. उरलेलं काय सराफ्यात विकणार? शिवाय त्याला आच्छादन लागतंच, म्हणजे पुन्हा पानंच.

इथे या पद्धतीचं नाव काढलं की लोक 'इनडोर' समजतात आणि विचारतात, घरात वास नाही येत? मी हसून दुरुस्त करतो, स्पेलिंग सांगतो, छाती थोडी फुगते. खरं सांगायचं तर ही पद्धत मला इंदूरमध्ये माहीत नव्हती. कॉलेजला जाताना तीन वर्षं त्याच कुंपणाजवळून गेलो. नाव पहिल्यांदा वाचलं ते इथल्या लायब्ररीत, कोंबड्यांवरच्या पुस्तकांच्या शेजारी. तेव्हा 'आपली परंपरा' म्हणून मी दादाला जे ऐकवतो ते उसनंच आहे.

आणि दादानं एक प्रश्न विचारलाय ज्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी पाठवलेल्या फोटोतल्या फावड्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "पलटणार कोण?" त्याचे गुडघे गेलेत. वहिनीला धुळीचा दमा आहे. भाचा पुण्याला चाललाय. घनमीटरभर ओला ढीग म्हणजे सहाशे-सातशे किलो, तो दातेरी फावड्यानं कडेचा आत आणि आतला कडेला करायचा. इथे मी तो करतो म्हणून मला सोपं वाटतं.

दिवाळीचं तिकीट काढलंय. रजा एकवीस दिवसांची. उतरल्या दिवशी थर लावले तर पंधराव्या दिवशीची पलटी माझ्या हातून होईल. महिन्याची आणि दोन महिन्यांची नाही. पेव्हरवाल्याला तोपर्यंत थांबवा, एवढंच आज ग्रुपवर लिहिलंय. दोन निळ्या टिका आल्यात.